99 येनचा हिशेब

2009 सालच्या डिसेंबरात दक्षिण कोरियातल्या काही म्हाताऱ्या बायकांना जपानच्या सरकारी विमा खात्याकडून पैसे मिळाले. प्रत्येकीला 99 येन. त्या वेळच्या दराने पन्नास रुपयांच्या आसपास.

1944 साली या बायका तेरा-चौदा वर्षांच्या मुली होत्या. कोरिया तेव्हा जपानची वसाहत. शाळेत त्यांना सांगण्यात आलं, जपानला चला, कारखान्यात काम करा, पगार मिळेल आणि पुढे शिकायलाही मिळेल. मुली नागोयाला गेल्या. तिथे शाळा नव्हती, मित्सुबिशीचा विमानांचा कारखाना होता. 7 डिसेंबर 1944 च्या भूकंपात तो कोसळला आणि त्यांच्यातल्या सहा जणी दगावल्या. उरलेल्यांच्या हातावर पगार कधी पडलाच नाही. पण कागदोपत्री त्या निवृत्तिवेतन योजनेच्या सभासद होत्या आणि योजना सोडताना मिळायची रक्कम बाकी होती. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर खात्याने ती चुकती केली, पासष्ट वर्षांपूर्वीचा आकडा जसाच्या तसा धरून. व्याज नाही, महागाईची भर नाही. 2022 साली आणखी एका वृद्धेच्या खात्यात जमा झाले तेही 99 येनच. म्हणजे ही कुणा कारकुनाची चूक नव्हती, ते धोरण होतं.

हा प्रसंग आधी सांगितला, कारण जपान-कोरियाचा विषय निघाला की आपल्याकडचा वाचणारा, जग पाहिलेला माणूस एक ठरीव निकाल देऊन मोकळा होतो. तो असा: झालं गेलं गंगेला मिळालं. जपानने कोरियात रेल्वे बांधली, शाळा काढल्या. 1965 साली पैसे देऊन हिशेब मिटवला. पुढे दहा वेळा माफी मागितली. तरी कोरियन लोक शिळ्या कढीला ऊत आणतात, कारण तिथल्या पुढाऱ्यांना मतं हवी असतात. जपानमध्येही तसलेच राष्ट्रवादी आहेत. दोघेही सारखेच, आपण समंजसांनी दोघांनाही लांबून नमस्कार करावा.

हा निकाल समंजस वाटतो, पण तो खटला न वाचता दिलेला आहे. त्यातलं एकेक कलम घेऊन तपासू.

त्याआधी आपल्या मनातल्या जपानबद्दल दोन शब्द. मराठी माणसाचा जपान प्रेमळ आहे. तो पु. लं.च्या प्रवासवर्णनातून आला, सिंहगड रस्त्यावरच्या ओकायामाच्या धर्तीच्या बागेतून आला, आणि सर्वांत जास्त 'तोत्तोचान'मधून आला. त्याही आधी तो 1905 साली आला. जपानने रशियाला हरवलं तेव्हा गोऱ्या सत्तेला आशियाई माणूस पाणी पाजू शकतो, या आनंदाने इथली वर्तमानपत्रं भरून गेली होती. तो आनंद खोटा नव्हता. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जपानचा दूत इतो हिरोबुमी सोलच्या राजवाड्यात करार घेऊन गेला, बाहेर जपानी सैनिक उभे होते, आणि कोरियाचा परराष्ट्र कारभार जपानच्या हाती गेला. 22 ऑगस्ट 1910 च्या कराराने उरलासुरला देशही गेला. आपण ज्या विजयाचे पेढे वाटले, त्याचं बिल कोरियाच्या नावावर फाटलं. नेहरूंनी तुरुंगातून मुलीला जगाचा इतिहास सांगताना त्या विजयाने आपल्याला झालेला हर्षही लिहिला आणि त्याची कडू फळं पहिल्यांदा कोरियाने चाखली हेही लिहिलं. आपण पहिलं लक्षात ठेवलं, दुसरं विसरलो. 'तोत्तोचान'मधला मासाओ आठवतो का? तोत्तोचानला पाहून "कोरियन!" असं ओरडणारा मुलगा. तो स्वतःच कोरियन आहे. तो शब्द त्याने इतक्या वेळा शिवीसारखा ऐकलाय की त्याला ती शिवीच वाटते. आपल्या लाडक्या पुस्तकात हा अख्खा इतिहास एका पोराच्या तोंडी दिलेला आहे. आपण रेल्वेच्या डब्यातली शाळा लक्षात ठेवली.

आता रेल्वे. हा युक्तिवाद नवा नाही. ऑक्टोबर 1953 मध्ये दोन्ही देशांच्या वाटाघाटी चालू असताना जपानचे प्रतिनिधी कुबोता कानइचिरो यांनी तो समोरासमोर ऐकवला. आम्ही तुमच्या बोडक्या डोंगरांवर झाडं लावली, रेल्वे घातली, भातशेती वाढवली. आणि आम्ही आलो नसतो तर रशिया नाहीतर चीन आलाच असता. वाटाघाटी तिथेच मोडल्या आणि कित्येक वर्षं पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

दादाभाई नवरोजींच्या देशातल्या माणसाला तरी हा युक्तिवाद फोडून सांगावा लागू नये. रेल्वे होती हे खरं. बुसान ते सोल ही मुख्य लाइन 1905 मध्ये सुरू झाली, रशियाशी युद्ध चालू असताना. ती कुणासाठी घाईने पुरी केली हे वेगळं सांगायला नको. भाताचं उत्पादन वाढलं हेही खरं. 1918 साली तांदळाच्या भावावरून जपानमध्ये दंगे झाले, आणि त्यानंतर कोरियात भात वाढवण्याची मोठी योजना आली. पीक वाढलं, पण त्याहून वेगाने ते बोटीत चढलं. ज्या काळात उत्पादन वाढत होतं त्याच काळात कोरियन माणसाच्या ताटातला भात कमी होत गेला आणि त्याची जागा मांचुरियातून आणलेल्या राळ्याने घेतली. पिकवायचा भात आणि खायचा राळा, याला विकास म्हणायचं असेल तर इंग्रजांचेही आभार मानून टाकू.

शाळांचीही तीच गत. शाळा वाढल्या, पण 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्यांतून कोरियन भाषेला बाहेरची वाट दाखवली गेली. 1940 पासून लोकांना जपानी धर्तीचं आडनाव घ्यायला लावलं. सुमारे ऐंशी टक्के घरांनी ते घेतलं, कारण न घेणाऱ्याच्या मुलाला शाळेत आणि त्याला स्वतःला कचेरीत दार बंद होत होतं. 1942 मध्ये कोरियन भाषेचा शब्दकोश रचणाऱ्या अभ्यासकांना पकडलं. त्यांतले दोघे तुरुंगात मेले. शब्दकोश करणं हा जिथे राजद्रोह ठरतो, तिथे शाळांची संख्या मोजून काय कळणार?

दुसरं कलम जड आहे, आणि जपानची सगळी भिस्त त्यावरच आहे. 22 जून 1965 चा करार. जपानने 30 कोटी डॉलर अनुदान आणि 20 कोटी डॉलर कर्ज दिलं, आणि दोन्ही देशांच्या व नागरिकांच्या दाव्यांचा "पूर्णपणे व अंतिमतः" निकाल लागल्याचं कागदावर आलं. सही केली ना? मग आता काय?

सही कुणी केली ते आधी पाहू. कोरियात तेव्हा पार्क चुंग-ही यांची सत्ता होती. ते लष्करी उठावातून आलेले, तरुणपणी जपानच्या लष्करी अकादमीत शिकलेले आणि मांचुकुओ या जपानच्या अंकित राज्याच्या सैन्यात जपानसाठी अधिकारी राहिलेले. कराराविरुद्ध सोलमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा जून 1964 मध्ये लष्करी कायदा लावून त्यांना गप्प केलं गेलं. व्हिएतनाममध्ये गुंतलेल्या अमेरिकेला आपले दोन मित्र एका पंगतीला बसवायचे होते. ज्यांचे पगार बुडाले, ज्यांची माणसं परतली नाहीत, त्यांना कुणी विचारलं नाही.

आणि दिलं काय? रोख नव्हे, तर दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने जपानी माल आणि जपानी सेवा. जपानने त्याला कधीही नुकसानभरपाई म्हटलं नाही. परराष्ट्रमंत्री शिइना यांनी तर आपल्या संसदेत ते नव्या राष्ट्राला दिलेल्या शुभेच्छांच्या आहेरासारखं असल्याचं सांगितलं. आज तोच जपान म्हणतो, भरपाई तेव्हाच दिली. आहेराच्या पाकिटावर कर्जफेडीची पावती मागण्यातला हा प्रकार आहे. 1910 चा करार वैध होता की नाही, यावरही त्याच दिवशी झालेल्या संबंधांच्या मूळ करारात नामी तोडगा काढलेला आहे. 1910 चा करार "आधीच रद्दबातल" आहे, असं लिहिलं. आधीच म्हणजे कधी? कोरिया म्हणतो पहिल्या दिवसापासून. जपान म्हणतो 1948 पासून. दोन सरकारांनी एकाच वाक्यावर सही केली आणि घरी जाऊन आपापल्या लोकांना दोन अर्थ सांगितले. भांडण मिटवायचा नव्हे, पुढे ढकलायचा तो कागद होता.

इथे कोरियन सरकारलाही सोडून चालणार नाही. 2005 साली वाटाघाटींची कागदपत्रं सोलमध्ये खुली झाली तेव्हा दिसलं की सक्तीच्या मजुरांचे दावे कोरियन शिष्टमंडळाने मांडले होते आणि माणसामाणसांचं देणं आम्ही आमच्या देशात भागवू, असंही सांगितलं होतं. भागवलं किती? 1975 ते 1977 या काळात 8,552 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख वॉन. जिवंत परतलेल्यांना, जायबंदी झालेल्यांना शून्य. बाकी पैशांतून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला, देश उभा राहिला. राष्ट्र मोठं झालं, पण ज्यांच्या नावावर पैसा आला ते मजूर तसेच राहिले. म्हणजे या माणसांना एकदा जपानने बुडवलं आणि एकदा त्यांच्याच सरकारने.

तरीही कायद्याच्या भाषेत हा दावा संपलेला नव्हता, आणि हे कोरियनांनी नव्हे, जपानच्या सरकारनेच सांगून ठेवलेलं आहे. 27 ऑगस्ट 1991 रोजी जपानच्या परराष्ट्र खात्यातले करार विभागाचे प्रमुख यानाई शुंजी संसदेत म्हणाले की, 1965 च्या करारात सरकारांनी आपल्या नागरिकांच्या वतीने दाद मागण्याचा हक्क सोडला. व्यक्तीचा स्वतःचा हक्क देशांतर्गत कायद्याच्या अर्थाने नष्ट झालेला नाही. ही भूमिका आली कुठून ते पाहण्यासारखं आहे. हिरोशिमा-नागासाकीच्या जपानी बॉम्बपीडितांनी आपल्याच सरकारवर दावा लावला होता: तुम्ही अमेरिकेवरचे आमचे दावे तहात सोडून दिलेत, आता तुम्ही भरपाई द्या. तेव्हा सरकारने हात झटकले: आम्ही फक्त सरकारचा हक्क सोडला, तुमचा तुमच्यापाशी आहे. स्वतःच्या बॉम्बपीडितांना टाळायला शोधलेली पळवाट कोरियन मजुरांच्या कामी आली, तेव्हा मात्र ती बुजवण्यात आली. 30 ऑक्टोबर 2018 रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निप्पॉन स्टीलला प्रत्येक मजुराला दहा कोटी वॉन द्यायला सांगितलं आणि महिन्याभरात नागोयाच्या त्या बायकांच्या बाजूनेही निकाल दिला. पुढच्या जुलैत जपानने सेमीकंडक्टर उद्योगाला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर बंधनं घातली. कारण सुरक्षेचं सांगितलं. योगायोगावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

पैशांचीच अडचण होती म्हणावं, तर तेही खरं नाही. 2016 साली मित्सुबिशीच्याच खाण व धातू व्यवसायातल्या कंपनीने सक्तीने राबवलेल्या चिनी मजुरांशी समझोता केला, माफी मागितली, पैसे दिले. मग कोरियनांना का नाही? कारण ते तेव्हा कायद्याने जपानी प्रजा होते. परक्यांना राबवलं तर तो गुन्हा, आपल्याच प्रजेला राबवलं तर ती भरती! आता हा जपानीपणा किती टिकला ते बघा. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी युद्धकैद्यांच्या छळाबद्दल खटले चालवले, त्यात 148 कोरियन दोषी ठरले आणि 23 फासावर गेले. कैद्यांच्या छावण्यांवर पहारेकरी म्हणून जपानने नेमलेली ही बहुतेक पोरं होती. शिक्षा झाली ती जपानी सैन्याचे लोक म्हणून. 1952 मध्ये जपानने एका परिपत्रकाने सगळ्या कोरियनांचं नागरिकत्व काढून घेतलं, पण यांची शिक्षा चालूच राहिली. आणि सुटल्यावर त्यांनी जपानी सैनिकांसारखं निवृत्तिवेतन मागितलं तेव्हा उत्तर मिळालं: तुम्ही जपानी नाही. फाशीपुरते जपानी, पेन्शनला परके. या एका वाक्यात बसणार नाही असं या वादात फारसं काही नाही.

तिसरं कलम माफीचं. माफ्या मागितल्या गेल्या हे मान्य. सैन्याच्या वेश्यागृहांतल्या स्त्रियांबद्दलचं 1993 चं कोनो यांचं निवेदन, 1995 चं मुरायामांचं, 1998 चा ओबुची आणि किम दे-जुंग यांचा संयुक्त जाहीरनामा, 2010 चं कान यांचं. त्यांतली काही मनापासूनची होती, आणि 'जपानने कधी माफीच मागितली नाही' असं म्हणणारे कोरियन खोटं बोलतात. पण माफीची किंमत पुढच्या वागण्याने ठरते. मार्च 2007 मध्ये पंतप्रधान आबे म्हणाले की, सैन्याच्या वेश्यागृहांत स्त्रियांना सक्तीने ओढून नेल्याचा पुरावा नाही. 2014 मध्ये त्यांच्या सरकारने कोनो निवेदन कसं तयार झालं याची चौकशी केली. आणि 14 ऑगस्ट 2015 च्या, युद्ध संपल्याच्या सत्तराव्या वर्षाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की, रशियावरच्या विजयाने आशिया-आफ्रिकेतल्या पारतंत्र्यातल्या लोकांना बळ दिलं. ज्या युद्धाने कोरिया गिळला त्याच युद्धाचं, पश्चात्तापाच्या भाषणात, कौतुक! ते ऐकून आपल्याकडे कित्येकांची छाती फुगली असेल. म्हणून 1905 चा उल्लेख मी आधीच केला. 1923 च्या कांतो भूकंपात 'कोरियनांनी विहिरींत विष घातलं' या अफवेवरून जमावांनी, आणि काही ठिकाणी सैनिक-पोलिसांनी, कोरियनांना कापून काढलं. त्यांच्या स्मृतिदिनी तोक्योचे गव्हर्नर दर वर्षी श्रद्धांजलीचा संदेश पाठवत. 2017 पासून गव्हर्नर कोइके युरिको यांनी तोही बंद केला. संदेश पाठवायला एक कागद लागतो. तो वाचवून काय मिळवलं?

याच ओघात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं नाव आपल्याकडे अभिमानाने घेतलं जातं. तोक्योच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं. जपानच्या युद्धमृतांच्या यासुकुनी देवस्थानात 2005 पासून त्यांचं स्मारक आहे. पण त्यांनी खटल्याचा कायदेशीर पाया नाकारला, अत्याचार नाकारले नाहीत. अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे असं त्यांनीच नोंदवलं आहे. शिवाय कोरिया गिळंकृत करणं हा त्या न्यायाधिकरणासमोरचा आरोपच नव्हता, कारण खुर्च्यांवर बसलेल्या कित्येकांच्या देशांकडे स्वतःच्याच वसाहती होत्या. जो खटला चाललाच नाही, त्यातून जपान सुटला असं कसं म्हणणार?

आता चौथं कलम, आणि इथे प्रतिपक्षाला त्याचं माप द्यायला हवं. कोरियन राष्ट्रवाद सोवळा नाही. योशिदा सेइजी नावाच्या जपानी माणसाने, आपण कोरियाच्या जेजू बेटावरून सैनिकी वेश्यागृहांसाठी बायका पकडून आणल्या, अशी कहाणी सांगितली. ती खोटी निघाली. 'आसाही' दैनिकाने ऑगस्ट 2014 मध्ये त्यावरच्या बातम्या मागे घेतल्या. जपानी उजव्यांनी त्यावरून सगळंच थोतांड ठरवलं. पण कोनो निवेदन योशिदावर उभं नव्हतं. इतिहासकार योशिमी योशिआकी यांनी जपानच्या संरक्षण खात्याच्याच ग्रंथालयातून शोधलेली कागदपत्रं जानेवारी 1992 मध्ये छापून आली होती. त्याआधी, 14 ऑगस्ट 1991 रोजी, किम हाक-सुन या बाईंनी स्वतःच्या नावानिशी, चेहरा न झाकता साक्ष दिली होती. एक साक्षीदार खोटा निघाला म्हणून दप्तर जळत नाही.

उलट बाजूला पार्क यू-हा या कोरियन प्राध्यापिकेचं उदाहरण आहे. या स्त्रियांना गोळा करण्यात कोरियन दलालांचा आणि त्यांना विकणाऱ्या समाजाचाही हात होता, हे त्यांनी 2013 च्या पुस्तकात मांडलं. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला आणि अखेरची सुटका व्हायला 2024 उजाडलं. त्यांची काही विधानं मलाही पटत नाहीत. पण पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्यायचं असतं, समन्सने नाही.

आणि नागोयाहून परतलेल्या त्या मुलींचं गावात काय झालं? कारखान्यात नेलेल्या मुलींच्या पथकाला जो शब्द होता तोच सैनिकी वेश्यागृहांत नेलेल्या स्त्रियांनाही लोक लावत. त्यामुळे जपानला गेले होते हे सांगायची सोय राहिली नाही. कित्येकींनी लग्नानंतरही ते लपवलं; कळल्यावर काहींचे संसार मोडले. त्यांना पन्नास वर्षं गप्प बसवणारा जपान नव्हता, तो त्यांचा स्वतःचा, राष्ट्राभिमानी गाव होता.

एवढं कबूल केल्यावर 'दोघेही सारखेच' हे पटायला हवं. पटत नाही, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. या निकालात दोघे म्हणजे दोन राष्ट्रं, असं गृहीत धरलेलं आहे. भांडण दोन राष्ट्रांचं नाहीच. इथे दोन वेगळी भांडणं एकमेकांत गुंतलेली आहेत. एक झेंड्यांचं: मोठ्या आवाजाचं, बेटाचं, पुतळ्याचं, बहिष्काराचं. दुसरं माणसांचं: पगाराचं, सहीचं, अस्थींचं, नावाचं. पहिलं भांडण दुसऱ्याला खाऊन जगतं.

ऑगस्ट 2011 मध्ये कोरियाच्या घटना न्यायालयाने स्वतःच्या सरकारला फटकारलं: सैनिकी वेश्यागृहांतल्या स्त्रियांचा प्रश्न जपानपुढे न नेणं घटनाबाह्य आहे. वर्षभराने, 10 ऑगस्ट 2012 रोजी, अध्यक्ष ली म्योंग-बाक कुठे गेले? दोकदोला. जपान ज्याला ताकेशिमा म्हणतो त्या, जेमतेम सेहेचाळीस एकरांच्या खडकांवर. त्याच दिवशी लंडन ऑलिंपिकमध्ये कोरियाने फुटबॉलमध्ये जपानला हरवलं आणि एक खेळाडू 'दोकदो आमचं' असा फलक घेऊन मैदानभर फिरला. म्हाताऱ्या बायका बातमीतून गेल्या, खडक आले. 28 डिसेंबर 2015 रोजी दोन्ही सरकारांनी शंभर कोटी येनमध्ये प्रश्न "अंतिम आणि अपरिवर्तनीय" मिटवला, तोही त्या बायकांना न विचारता. आणि दोन-तीन वर्षांत नव्या कोरियन सरकारने त्या पैशांतून निघालेली संस्थाच गुंडाळली, तेव्हाही निर्णय सरकारचाच. 2022 मध्ये कोरियाच्या मानवाधिकार आयोगाने नागोयाच्या मुलींपैकी यांग गुम-दोक यांची सन्मानासाठी शिफारस केली, तेव्हा त्यांच्याच परराष्ट्र खात्याने मोडता घातला. जपानशी संबंध सुधारायचे होते. झेंडा उंचावायचा असेल तेव्हा या बायकांना पुढे करायचं, झेंडा गुंडाळायचा असेल तेव्हा मागे सारायचं.

आता माणसांच्या भांडणातल्या बाजू पाहा. तिथे पासपोर्टने काहीच ठरत नाही. 1919 साली तोक्योत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचणाऱ्या कोरियन विद्यार्थ्यांचं वकीलपत्र फुसे तात्सुजी या जपान्याने घेतलं. 2004 मध्ये कोरियाने स्वातंत्र्यलढ्यासाठीचा सन्मान त्यांना मरणोत्तर दिला, तो मिळालेले ते पहिले जपानी. कोरियन क्रांतिकारक पार्क योल याच्याबरोबर राजद्रोहात शिक्षा भोगून 1926 मध्ये तुरुंगात मेलेली कानेको फुमिको जपानी होती. सैन्याचे कागद शोधणारे योशिमी जपानी, आणि त्या मजुरांचे व बॉम्बपीडित कोरियनांचे खटले फुकट लढवणारे कित्येक वकीलही जपानी. पलीकडे पाहा. वसाहतीच्या काळात जपानच्या चाकरीत असलेल्यांची चौकशी करायला 1948 मध्ये कोरियात समिती नेमली गेली. जून 1949 मध्ये तिच्या कचेरीवर छापा घातला तो कोरियन पोलिसांनीच, कारण त्या पोलिसांतच जपानी अमलातले जुने अधिकारी होते.

स्वतः भोगलेल्या माणसांना हा फरक विद्वानांपेक्षा चांगला कळतो. सैनिकी वेश्यागृहांतून वाचलेल्या किम बोक-दोंग आणि किल वोन-ओक या दोन वृद्धांनी 2012 मध्ये निधी उभा करायला सांगितला, आणि तो जगात कुठेही युद्धात अत्याचार झालेल्या बायकांसाठी होता. त्यात व्हिएतनामी बायकाही आल्या, ज्यांच्यावर अत्याचार करणारे सैनिक कोरियन होते. व्हिएतनाममधल्या एका हत्याकांडातून वाचलेल्या बाईला भरपाई द्या, असं सोलच्या न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं तेव्हा कोरियन सरकार अपिलात गेलं. पुरावा पुरेसा नाही, असा त्यांचा दावा होता. हे शब्द कुठे ऐकल्यासारखे वाटतात ना?

म्हणून 'आता विसरा' हा सल्ला कुणाला द्यायचा ते नीट ठरवू. झेंडे नाचवणाऱ्यांना जरूर द्या; त्यांचं काही बुडालेलं नाही. पण जिचा पगार बुडाला तिला तो देता येत नाही, कारण ती काही आठवत बसलेली नाही, ती मागते आहे. आठवण आणि थकबाकी यांत फरक आहे. थकबाकीला जुनी म्हणून हसणाऱ्यानेच ती जुनी होऊ दिलेली असते.

शेवटी पुन्हा नागोया. 1980 च्या दशकात तिथल्या ताकाहाशी माकोतो नावाच्या एका हायस्कूल शिक्षकाच्या लक्षात आलं की भूकंपात मेलेल्यांमध्ये कोरियन मुलीही होत्या. ते आणि त्यांचे सोबती त्यांची घरं शोधत कोरियाला गेले, वर्गणी काढून स्मारक उभारलं आणि 1999 मध्ये त्या बायकांचा खटला नागोयाच्या न्यायालयात उभा केला. ते हरले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. पण 2007 पासून ते शुक्रवारी नागोयाहून गाडी पकडून तोक्योत मित्सुबिशीच्या मुख्यालयासमोर उभे राहत आणि कामावर जाणाऱ्यांच्या हातात पत्रकं देत. नागोया ते तोक्यो जाऊन-येऊन सातशे किलोमीटर होतात. बुलेट ट्रेनच्या एका खेपेचं तिकीटच दहा हजार येनच्या वर जातं.

तुम्ही जपानच्या बाजूचे की कोरियाच्या, असं कुणी विचारलं तर मी या मास्तरांच्या बाजूचा. त्यांच्याच सरकारने ज्यांची किंमत 99 येन ठरवली, त्या बायकांसाठी हा माणूस दर शुक्रवारी पदरचे त्याच्या शंभरपट मोडत होता.